सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील गोडे पाणी

गुजरातमधील ऊना ते माधवपूर या किनारपट्टीला नारळीच्या बागांनी आणि चोरवाडच्या नागवेलीच्या पानांनी नाव मिळवून दिले. हे वैभव विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभे होते. मोटेच्या जागी इंजिने व विजेचे पंप आले, उपसा अनेक पटींनी वाढला आणि १९७० च्या दशकापर्यंत कित्येक गावांतील विहिरी मचूळ झाल्या.

येथील खडक सच्छिद्र चुनखडीचा आहे. त्यात मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घनतेतील फरक अल्प असला तरी परिणाम मोठा होतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. हाच हिशेब उलटही लागू पडतो. पातळी १ मीटर उतरली की खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर चढते. शेतकऱ्याला मात्र विहिरीत तो एकच मीटर दिसतो. म्हणूनच येथील विहीर आटण्याआधी खारट होते, आणि एकदा खारावलेला खडक धुऊन निघण्यास अनेक पावसाळे लागतात.

राज्य शासनाने १९७६ मध्ये या प्रश्नावर उच्चस्तरीय समिती नेमली. त्यानंतर नद्यांच्या मुखांशी दरवाजांचे भरती-नियामक व पक्के बंधारे बांधले गेले. पुराच्या वेळी दरवाजे उघडतात. पावसाळा सरताना ते बंद करून गोडे पाणी अडविले जाते व भरतीचे पाणी नदीपात्रात शिरत नाही.

परंतु समुद्राला खरा अटकाव होतो तो भूजलाच्या उंचीने, आणि ती उंची हिरण, मच्छुंद्री यांसारख्या गीरमधून येणाऱ्या नद्यांच्या पाणलोटात ठरते. तेथील नालाबांध, पाझर तलाव व पुनर्भरण विहिरी किनाऱ्याचेही रक्षण करतात. अडचण अशी की, पातळी वाढताच नवे पंप बसतात आणि मुरविलेले पाणी पुन्हा उपसले जाते. नर्मदेचे पाणी नळाने आल्यापासून पिण्याची चिंता कमी झाली, तशी गावच्या विहिरीकडे पाहण्याची निकडही ओसरली, हे नाकारता येणार नाही. शेती मात्र अजून बऱ्याच अंशी त्याच विहिरींवर आहे. बंधारा शासन बांधू शकते. कोणत्या विहिरीतून किती उपसायचे, हे तेथील शेतकऱ्यांनाच एकत्र बसून ठरवावे लागेल.