हॅलो म्हणू नका

विविध भारतीच्या ‘हॅलो फरमाइश’ला फोन लागला की आधी नाव, मग गाव, कामधंदा, घरची माणसं आणि शेवटी गाणं, अशी निवांत विचारपूस होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरी, केपीएफए या रेडिओ केंद्रावर १९८१ साली सुरू झालेल्या ‘ओव्हर द एज’मध्ये याच्या बरोबर उलट नियम होता. फोन लावायचा आणि कानाशी वाजणारी घंटा थांबली की समजायचं, आपला आवाज हवेत गेला. ‘हॅलो’ म्हणायचं नाही. बोला, भांडं बडवा, नाहीतर टेपरेकॉर्डर फोनच्या तोंडाशी धरा. जे ऐकू येईल ते स्टुडिओत चालू असलेल्या आवाजांत मिसळलं जाई.

कोण काय बोलेल याचा नेम नसलेला फोन थेट प्रक्षेपणात घेणं व्यापारी केंद्राला परवडणारं नाही. केपीएफए मात्र १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालत आलेलं केंद्र. लुईस हिल यांच्या पॅसिफिका फाउंडेशनने ते उभारलं. जाहिरातदारच नाही, तर रुसणार कोण? कायद्याचा बडगा तेवढा होता. पॅसिफिकाच्याच न्यूयॉर्कमधल्या केंद्राने जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं शिवराळ भाषण १९७३ मध्ये भरदुपारी लावलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मुलं ऐकत असण्याच्या वेळी असल्या मजकुराला सरकार आवर घालू शकतं, असा निकाल १९७८ मध्ये लागला. ‘ओव्हर द एज’ मध्यरात्रीनंतर लागे, ते या दृष्टीने सोयीचंच होतं.

कार्यक्रमाचा सूत्रधार डॉन जॉइस, चित्रकलेचं शिक्षण घेतलेला माणूस. निगेटिव्हलँड या प्रयोगशील वाद्यवृंदाशी त्याची गाठ पडली, तो त्यांच्यातलाच झाला आणि कार्यक्रम म्हणजे तासन् तास चालणारं एक सामूहिक वादन होऊन बसलं. त्याचं मुख्य वाद्य होतं ‘कार्ट’. रेडिओ केंद्रांत जाहिराती नि धून वाजवायला तेव्हा वापरत ती प्लॅस्टिकची डबी. आत पाव इंच रुंदीच्या टेपचं एकच वेटोळं. टेप गुंडाळीच्या मधल्या बाजूने निघते, वाचकशीर्षावरून जाते आणि परत बाहेरच्या बाजूला गुंडाळली जाते, म्हणून ती मागे फिरवावी लागत नाही. शिवाय टेपवर एका वेगळ्या पट्टीत, श्रोत्याला ऐकू न येणारा खुणेचा सूर भरलेला असतो. फेरी पूर्ण होऊन तो सूर आला की यंत्र आपोआप थांबतं, आणि तुकडा पुन्हा पहिल्या शब्दापाशी तयार! बटण दाबलं की त्याच क्षणी आवाज. जाहिराती, प्रवचनं, बातम्या, जुने चित्रपट यांतून कापलेली वाक्यं जॉइस अशा डब्यांत भरून ठेवी आणि त्या रात्रीच्या विषयानुसार एकाच्या तोंडी दुसऱ्याचं उत्तर घाली.

जोडीला निगेटिव्हलँडच्याच डेव्हिड विल्स याने रेडिओचे सुटे भाग जोडून केलेला ‘बूपर’ असे. त्याच्यात बाहेर पडणारा संदेश पुन्हा आत सोडलेला असतो, त्यामुळे तो स्वतःच्याच आवाजावर कुईकुई करत राहतो. फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. त्यामुळे श्रोत्याचा किनरा आवाज या गदारोळातही वेगळा कळे. कोणाला किती वेळ ठेवायचं आणि कोणाला हळूच उतरवायचं, हे मिक्सरवरच्या बोटांनी ठरायचं. माझ्या मते खरं संगीत तिथेच होतं.

१९८४ मध्ये क्रॉस्ली बेंडिक्स या सोंगातून (क्रॉस्ली आणि बेंडिक्स हे दोन्ही जुन्या रेडिओंचे ब्रँड!) जॉइसने जाहिरातफलकांत फेरफार करणाऱ्यांबद्दल बोलताना ‘कल्चर जॅमिंग’चा, म्हणजे माध्यमांच्या संदेशांत घुसून ते उलटवण्याचा, विचार मांडला. पुढे अभ्यासकांनी तो शब्द उचलला.

जॉइस जुलै २०१५ मध्ये गेला. निगेटिव्हलँडने ‘द चॉपिंग चॅनल’ या पुढच्या अल्बमच्या प्रतींसोबत त्याच्या अस्थींची थोडी राख दिली. हा विनोद त्यालाही आवडला असता, असं मानायला हरकत नाही. कार्यक्रम जॉन लाइडेकरने पुढे चालवला, आणि नऊशेहून अधिक जुने भाग इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकायला आहेत. त्यांत रटाळ तास पुष्कळ. नवख्याने आधी दुसऱ्यांच्या वायरलेस संभाषणात घुसखोरी करणाऱ्यांवरचा, कापून आटोपशीर केलेला ‘जॅमकॉन ८४’ हा अल्बम ऐकावा आणि मग अख्ख्या भागांकडे वळावं.