‘हॅलो’ ऐकू येतंय ना? मग लाइन चांगली!

डायल-अपच्या जमान्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हाचे मोडेमच रद्दी होते हो, सारखे कट व्हायचे.’ पुरावाही ठरलेला असतो. फोनवर आवाज खणखणीत यायचा, म्हणजे लाइन चांगलीच होती. तक्रार केल्यावर येणारा लाइनमनही रिसीव्हर उचलून दोनदा ‘हॅलो’ म्हणायचा आणि निकाल द्यायचा, ‘लाइन क्लिअर आहे साहेब, तुमच्या मोडेमचं बघा.’ तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड अडखळलं की आजही हेच ऐकायला मिळतं. ऐकून ऐकून कान किटले, पण हा पुरावा नव्हेच.

टेलिफोनची लाइन बांधली ती माणसाच्या बोलण्यासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात. बोलताना एखादा शब्द खरखरीत बुडाला तरी ऐकणारा संदर्भावरून लावून घेतो. एसटी स्टँडच्या कलकलाटातही आपल्या गाडीची घोषणा आपल्याला बरोबर कळते. मोडेमला असा अंदाज बांधता येत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं ३३.६ किलोबिटचं व्ही.३४ मानक घ्या. त्यात सिग्नल सेकंदाला ३,४२९ वेळा बदलू शकतो आणि प्रत्येक बदलात जवळपास दहा बिट कोंबलेले असतात. हजाराहून जास्त ठरलेल्या स्थितींपैकी आत्ता आली ती नेमकी कोणती, हे समोरच्या मोडेमने दर वेळी ओळखायचं. खरखर वाढली की शेजारशेजारच्या स्थिती एकमेकींत मिसळतात. गोंगाटातून किती माहिती धाडता येते याला गणिती मर्यादा आहे, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. ती मर्यादा नवा मोडेम विकत आणून हटत नाही.

उलट झालं असं, की विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा घरगुती डायल-अपचा वेग होता ९.६ किलोबिट. तेवढं काम तीच तार निमूट करायची. पुढे वेगवान मोडेम आले आणि त्याच तारेकडून कितीतरी जास्त मागू लागले. ‘महागडा मोडेम घेतला आणि जास्तच तुटायला लागलं’ ही तक्रार म्हणूनच खरी होती, फक्त आरोपी चुकीचा पकडला जायचा.

लाइन तपासायची तर ‘हॅलो’ म्हणून नव्हे, गप्प बसून. रिसीव्हर उचलायचा, एकच आकडा दाबायचा म्हणजे डायल टोन बंद होतो, आणि त्या शांततेत कान द्यायचा. चरचर, गुणगुण, दुसऱ्याचं पुसट बोलणं, जे काही ऐकू येईल ते मोडेमच्या वाट्याला सतत येत असतं. मग घरातले पॅरलल फोन एकेक करून काढायचे आणि मोडेम थेट बाहेरून येणाऱ्या तारेला लावून पाहायचा. तरीही खरखर राहिली तर दोष बहुधा बाहेर: दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट, पहिल्या पावसात आत पाणी, आणि टेप सोडवला की हिरवा गंज चढलेलं तांबं. पावसाळ्यातच कनेक्शन जास्त का तुटायचं, याचं उत्तर बऱ्याचदा त्या टेपखाली असायचं.

जॉइंट दुरुस्त होईपर्यंत उपाय एकच, आणि तोच लोकांना पटत नसे: वेग मुद्दाम कमी करणं. ४८ किलोबिटवर जोडून दर थोड्या वेळाने लाइनशी नव्याने जुळवून घेत बसणारा मोडेम त्या काही सेकंदांत काहीच पाठवत नाही. आपण मात्र ‘साइट स्लो आहे’ म्हणत बसायचो. त्याला ३३.६ किंवा त्याहून खाली बांधून ठेवलं की फाइल पुरी उतरायची.

बाकीचे गैरसमज भराभर. स्क्रीनवर १,१५,२०० दिसायचं तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग, फोन लाइनचा नव्हे. ‘५६के’ हा आकडा फक्त उतरवण्याचा, तोही आदर्श लाइनवर, व्ही.९० मानकात चढवण्याचा वेग ३३.६ च. अमेरिकेत तर सिग्नलच्या ताकदीवरच्या सरकारी बंधनामुळे ५३.३ च्या वर जाताच येत नसे. डाउनलोड सेकंदाला पाच केबी दिसलं म्हणजे लूट नव्हे. ते बाइट, कनेक्शनचा वेग बिटमध्ये, आठने गुणा. ‘नो डायल टोन’ आलं म्हणजे मोडेम मेला असंही नाही: आपल्या एक्स्चेंजचा टोन त्याला ओळखता येत नसेल, तर एटीएक्स३ ही कमांड दिली की टोनची वाट न पाहता तो नंबर फिरवतो. मधेच कट होण्यामागे कॉल वेटिंगची ‘टुक’ही असू शकते.

‘तोडून परत जोडलं की बरं चालतं’ हा मात्र गैरसमज नाही. पलीकडे वेगळा मोडेम किंवा एक्स्चेंजमधला वेगळा मार्ग मिळायचा. आणि स्वस्तातले सॉफ्ट मोडेम खरंच त्रास द्यायचे; ते आपलं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलत, तो दुसरीकडे गुंतला की कनेक्शन गेलं. तेवढ्यापुरता मोडेमला दोष द्या.

राहिला स्पाइक गार्ड. तो असला की मोडेम सुरक्षित, असं वाटायचं. पण तो विजेच्या प्लगवर बसायचा आणि आभाळात वीज कडाडली की तिचा झटका फोनच्या तारेतून आत यायचा. फोनची तारही ज्यातून जाते असा गार्ड वेगळा मिळतो. तो नसेल तर ढग गडगडायला लागले की मोडेममागची फोनची पिन काढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून काही होत नाही.