आजोबांचा फोटो आणि शाई

एका घरी भिंतीवर आजोबांचा फोटो होता. काळा-पांढरा. साठ वर्षांपूर्वी काढलेला. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली. फोटोच्या कोपऱ्याला बुरशी लागली.

नातू म्हणाला, "आजी, तालुक्याला जातो. नवा फोटो करून आणतो."

फोटोवाल्याने संगणकावर डाग पुसले. यंत्रातून नवा, मोठा फोटो छापून दिला. घरात सगळ्यांना आनंद झाला. फोटो दारासमोर लावला. तिथे रोज सकाळचे ऊन येई.

दोन वर्षे गेली. आजोबांचा काळा कोट हिरवट दिसू लागला. चेहरा फिका पडला. आजी म्हणाली, "अरे, हे काय झालं? जुना फोटो कुठं आहे?" जुना फोटो फोटोवाल्याकडेच राहिला होता. शोधला, पण तो सापडला नाही.

असे का झाले? थोडा दोष उन्हाचा. थोडा दोष शाईचा.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत शाई नसते. कागदावर चांदीचे अगदी बारीक कण असतात. तेच आपल्याला काळे दिसतात. असा फोटो नीट धुतलेला असला, तर पन्नास-शंभर वर्षे टिकतो. आताचे यंत्र शाईचे बारीक थेंब कागदावर उडवते. म्हणून आताच्या फोटोचे आयुष्य शाईवर आणि कागदावर अवलंबून असते.

ही शाई दोन जातींची असते. एक डाय शाई, दुसरी पिगमेंट शाई. नावे परकी आहेत, पण फरक सोपा आहे.

पाण्यात साखर टाका. ती विरघळून जाते. डाय शाईत रंग तसा विरघळलेला असतो. आता पाण्यात गेरू कालवा. तो विरघळत नाही. त्याचे कण पाण्यात तरंगतात, मग तळाशी बसतात. पिगमेंट शाईत रंगाचे असेच कण असतात. मात्र ते फार बारीक असतात.

हळदीचा डाग पडलेले धोतर उन्हात वाळत घातले, की डाग फिका होतो. डाय शाईचेही पुष्कळदा तसेच होते. काजळाचे मात्र तसे नाही. दिव्याच्या काजळीची शाई करून आपल्याकडे पोथ्या लिहीत. शेकडो वर्षे झाली, तरी त्यातली अक्षरे काळीच आहेत. काळ्या पिगमेंट शाईत त्याच जातीची काजळी असते. म्हणून ती उन्हाला आणि हवेला जास्त टिकते.

सगळी डाय शाई वाईट असते, असे नव्हे. ती स्वस्त असते आणि चकचकीत कागदावर छान उठते. काही चांगल्या डाय शाया योग्य कागदावर पुष्कळ वर्षे राहतात. पण घरात जपायच्या फोटोला पिगमेंट शाई बरी.

आता दुसरी गोष्ट. साध्या यंत्रात चार शाया असतात. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. काळा-पांढरा फोटो काढायचा, तरी बरीच यंत्रे रंगीत शाया मिसळून करडा रंग करतात. मिसळ थोडी चुकली, की फोटोवर हिरवी किंवा तांबडी झाक येते. पुढे एखादा रंग आधी उडतो. गुलाबी उडाला, की उरलेला फोटो हिरवट दिसतो. आजोबांच्या कोटाचे असेच झाले.

मग नुसत्या काळ्या शाईने का छापू नये? छापता येते. पण पांढऱ्या कापडावर काळे तीळ विरळ टाकले, तर एकेक तीळ दिसतो. तसे चेहऱ्यावर ठिपके दिसतात. म्हणून चांगल्या यंत्रांत काळ्या शाईबरोबर करडी आणि फिकी करडी शाईही असते. एप्सन या जपानी कंपनीने २००५ साली अशा तीन शायांची यंत्रे बाजारात आणली. इतर कंपन्याही अशी यंत्रे करतात. करड्या शायांनी गालावरची सावली मऊ उतरते. रंगाची झाकही कमी येते.

कागदही पाहावा लागतो. पिगमेंटची काळी शाई दोन प्रकारची मिळते. एक चकचकीत कागदासाठी, दुसरी बिनचकाकीच्या कागदासाठी. बिनचकाकीची शाई चकचकीत कागदावर धरत नाही. बोट लावले, की निघते.

तेव्हा फोटो करायला द्याल, तेव्हा आधी चार गोष्टी विचारा.

शाई डाय की पिगमेंट?
यंत्रात करडी शाई आहे का?
कागद त्या शाईला चालणारा आहे का?
जुना फोटो केव्हा परत मिळेल?

फोटो हातात आला, की दिव्याखाली पाहा. मग बाहेर उजेडात पाहा. दोन्हीकडे करडा रंग करडाच दिसला पाहिजे. वाटल्यास त्याच शाईच्या दोन छोट्या पट्ट्या मागून घ्या. एक उन्हात ठेवा, दुसरी पेटीत ठेवा. दोन महिन्यांनी शेजारी धरून पाहा. शाईची पारख तुम्हालाच होईल.

शाई चांगली असली, तरी फोटो जपावा लागतो. उन्हासमोर लावू नका. ओल्या भिंतीवर टांगू नका. काच जरूर बसवा. पण काच फोटोला चिकटू देऊ नका. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. नाही तर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो.

त्या घरचे पुढे काय झाले? आजीच्या बहिणीकडे त्याच फोटोची दुसरी प्रत निघाली. नातू ती घेऊन पुन्हा तालुक्याला गेला. या वेळी त्याने आधी विचारले, "भाऊ, यंत्रात शाई कोणती?"

फोटोवाला म्हणाला, "दोन्ही यंत्रं आहेत. पिगमेंटला पैसे जास्त पडतील."

"पडू देत. पण हा जुना फोटो मी इथं ठेवणार नाही. बसतो, काम होईपर्यंत."

संध्याकाळी तो घरी आला. नवा फोटो आतल्या भिंतीवर लागला. तिथे ऊन येत नाही. जुना फोटो आजीने कोऱ्या कागदात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.