कडी नसलेलं दार

पहाटे ५:३०
पहिली गोळी. कंपवात झालेल्या माणसाचं घड्याळ लेव्होडोपावर चालतं. लहानपणी ज्या खाजकुइलीला घाबरून आम्ही कुंपणापासून लांब चालायचो, तिच्या बियांतही हेच द्रव्य असतं. गोळी लागू पडेपर्यंत मी ओंडक्यासारखी पडून. रात्रपाळीची पोरगी उशी नीट करते.

सकाळी ७:०५
पुणे आकाशवाणीच्या बातम्या आणि चहा. कप अर्धाच भरलेला, म्हणजे हात हलला तरी सांडत नाही. ही युक्ती दिवसपाळीच्या मावशींची.

८:००
पाळी बदलते. मावशी पंचेचाळिशीच्या, मी ८१ ची; तरी मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला आजी. त्या आणि रात्रपाळीची पोरगी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून वही वाचतात : लघवीला तीनदा, झोप तुटक, पोट साफ नाही. शाळेत मी व्याकरण शिकवायचे. माझ्यासमोर माझ्याविषयी चाललेलं हे तृतीयपुरुषी बोलणं रोज कानाला खुपतं.

९:००
अंघोळ. मार्चमध्ये मी बाथरूममध्ये पडले. हाड वाचलं, पण तेव्हापासून एक बाई चोवीस तास माझ्याजवळ असते आणि दाराची कडी काढून टाकली आहे. आधीच्या बाई आत येऊन उभ्या राहायच्या. मावशी बाहेर पाठ करून उभ्या राहतात, दाराच्या फटीत पाऊल अडकवून. मधूनमधून विचारतात, “आजी?” मी म्हणते, “आहे.”

९:४०
ब्लाउजचे पाच हूक. आधीच्या बाई एका मिनिटात लावून मोकळ्या व्हायच्या. मावशी हात पोटाशी धरून थांबतात. तिसरा हूक निसटतो तेव्हा त्यांची बोटं चुळबुळतात, मला आरशात दिसतं. पण त्या पुढे येत नाहीत. आज अकरा मिनिटं लागली. इतका वेळ हात आवरून धरणं हेही कामच आहे, पण ते वहीत लिहायला रकाना नाही.

दुपारी १२:३०
जेवणाचा हॉल. डाळीतली प्रथिनं गोळीच्या आड येतात, म्हणून माझं वरण रात्री. आत्ता भात आणि भाजी. शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, “तुमचं बरं आहे, स्वतःची बाई आहे.” खरंच आहे. त्यांना पाणी मागितल्यावर पाव तास वाट बघावी लागते. मला मात्र पेलाभर पाणीही वहीत नोंद झाल्याशिवाय पिता येत नाही. यातलं काय वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

४:००
व्हरांड्यात फेरी. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात. ओढून उपयोग नसतो. ओढलं की तोल जातो. मावशी आपलं पाऊल माझ्या पावलांपुढे आडवं ठेवतात. “ओलांडा.” समोर ओलांडायला काही दिसलं की पाय आपोआप उचलला जातो. का, ते डॉक्टरांनी मला समजावून सांगितलंय. मावशींना ते कुणी सांगितलेलं नाही, त्यांनी बघून बघून ओळखलं.

रात्री ८:००
वही पुन्हा हात बदलते. जाताना मावशी माझ्या चपला पलंगाखाली ढकलून ठेवतात, उठताना पायात येऊ नयेत म्हणून.

२:३०
कूस बदलायची आहे. एकटीला जमत नाही. घंटी उशाशी आहे. पोरगी खुर्चीत झोपलीय, मान एका बाजूला कललेली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच कुणाचं माझ्याकडे लक्ष नाही. खिडकीबाहेर कुत्रं भुंकतंय, पंखा फिरतोय. खांदा दुखायला लागलाय.

घंटी वाजवते. थोड्या वेळाने.