क्लॅप गेला, क्लॅप आला

३५ मिमी फिल्मचे हजार फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने अकरा मिनिटे चालते आणि चारशे फुटी रीळ साडेचार मिनिटांत संपते. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या हिशेबावर पोसल्या गेल्या. कच्ची फिल्म मोजून मिळायची. त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा, नट कुठून येणार, शॉट कुठे तोडायचा हे कॅमेरा सुरू होण्याआधी ठरवावे लागे. चित्रित झालेले रीळ लॅबमध्ये जाई आणि रशेस, म्हणजे धुतलेले कच्चे चित्रण, परत येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज हाती काही नसे. मग स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर चित्राचे एक आणि आवाजाचे एक रीळ क्लॅपच्या खुणेवर जुळवून संकलन सुरू होई, आणि शेवटी निगेटिव्हला कात्री लागली की माघार नसे. ही सगळी व्यवस्था गेल्या तीस वर्षांत गेली. 'साधने स्वस्त झाली, सिनेमा सर्वांचा झाला' असे त्या बदलाचे वर्णन केले जाते आणि ते खोटे नाही. पण या काळाचा मागोवा घेताना मला किमतीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. डिजिटल तंत्राने विद्यार्थ्याला निर्णय पुढे ढकलण्याची मुभा दिली. शिकणे घडत होते ते मुख्यतः निर्णयाच्या क्षणी. तो क्षण चित्रीकरणाच्या आधीहून नंतरकडे सरकला, आणि शिकवणाऱ्यांच्या हे बऱ्याच उशिरा लक्षात आले.

हे एका फटक्यात झाले नाही. १९९५ मध्ये डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) टेप आली, त्याच वर्षी सोनीचा व्हीएक्स १००० हा कॅमेरा आला, आणि तासाभराचे चित्रण तळहातावर मावणाऱ्या कॅसेटमध्ये बसू लागले. १९९९ साली ॲपलने फायनल कट प्रो हे संकलनाचे सॉफ्टवेअर आणले आणि संकलनाची खोली एका टेबलापुरती झाली. पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स १०० या कॅमेऱ्याने २००२ मध्ये सेकंदाला २४ चौकटी दिल्या, तेव्हा व्हिडिओही 'सिनेमासारखा' दिसू शकतो असा दिलासा विद्यार्थ्यांना मिळाला. तरी डीव्हीच्या काळात जुन्या शिस्तीचा एक अवशेष शिल्लक होता आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. टेपवरचे चित्रण संगणकात घ्यायला जितके चित्रण तितकाच वेळ लागे. सहा टेपा म्हणजे सहा तास कॅप्चर. संगणकापुढे बसलेल्याच्या डोळ्यांखालून ते सगळे नाइलाजाने जाई. टाइमकोड लिहून लॉगशीट भरावी लागे, कारण साठवणुकीची जागा तुटपुंजी असल्याने नको ते आत घेणे परवडत नसे. कंटाळवाणे काम होते, पण त्या कंटाळ्यातच विद्यार्थी आपले साहित्य पहिल्यांदा नीट पाहत होता. आज मेमरी कार्डावरच्या फायली काही मिनिटांत कॉपी होतात. कॉपी झाले म्हणजे पाहिले असे मात्र होत नाही. कितीतरी चित्रण चित्रीकरणाच्या दिवसानंतर थेट संकलनाच्या आदल्या रात्री उघडले जाते.

या काळातला सर्वांत बोलका टप्पा डीएसएलआरचा. कॅननचा ५डी मार्क २ हा २००८ साली आलेला कॅमेरा मुळात छायाचित्रकारांसाठी होता. मोठ्या सेन्सरमुळे मागची पार्श्वभूमी धूसर होई आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यापासून माध्यम-महाविद्यालयातल्या मुलांपर्यंत सगळे त्या धूसरपणावर फिदा झाले. पण या कॅमेऱ्याने नकळत बरेच शिकवले. सुरुवातीला तो व्हिडिओ फक्त सेकंदाला ३० चौकटींनी घेई. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चुकीच्या शटरवर ट्यूबलाइटखाली घेतलेले चित्र लुकलुके. ही लुकलुक का होते हे समजून घेताना शटर, चौकटींचा वेग आणि विजेची वारंवारता यांचे नाते विद्यार्थ्याला उमगले. पुस्तकातल्या प्रकरणाने ते एवढ्या सहज उमगले नसते. २४ आणि २५ चौकटींची सोय २०१० च्या फर्मवेअरने दिली. फाइलची मर्यादा चार गिगाबाइटची होती, म्हणजे एक क्लिप साधारण बारा मिनिटांची, हजार फुटी रिळाहून जेमतेम मिनिटभर मोठी. आणि आवाज तर वाईटच होता: हेडफोन लावायला जागा नाही, सुरुवातीला ध्वनीची पातळी हाताने ठरवण्याची सोय नाही. म्हणून मुलांनी झूमसारखे छोटे रेकॉर्डर वेगळे चालवायला घेतले. डीव्ही कॅमेऱ्यात चित्र-आवाज एकाच टेपवर असल्याने क्लॅप अडगळीत गेला होता. आता वेगळा आवाज चित्राशी जुळवायचा म्हणून तो परत आला. ज्यांनी फिल्मच्या काळातला नाग्रा हा ध्वनिमुद्रक कधी हाताळला नव्हता त्यांना चित्र आणि ध्वनी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत हे एका अपुऱ्या यंत्राने शिकवले. डिजिटल साधनांनी शिकवले ते अशा त्रुटींतून. जिथे त्यांनी काम सोपे करून दिले तिथे त्यांनी विद्यार्थ्याला मोकळा सोडला, आणि मोकळ्या सोडलेल्याला कुणीतरी शिकवावे लागते.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सेल्युलॉइडचे गहिवर आहेत. टंचाईला शिस्त म्हणणे सोपे असते, कारण ज्यांना ती टंचाई भोगायलाही मिळाली नाही त्यांची नावे या इतिहासात नसतात. आक्षेपात दम आहे. फिल्मवर शिकायचे तर पुणे, चेन्नई, नंतर १९९५ पासून कोलकात्याची सत्यजित राय संस्था, अशी मोजकी दारे होती आणि प्रत्येक दारावर परीक्षा होती. अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, हे जुन्या व्यवस्थेत घडणे अवघड होते. बीएमएम या माध्यम-पदवीचे वर्ग तालुक्यापर्यंत पोचले ते कॅमेरा स्वस्त झाला म्हणूनच. शिवाय फिल्म परत येणारही नाही: आरी, पॅनाव्हिजन आणि आतों यांनी २०११ च्या सुमारास नवे फिल्म कॅमेरे बनवणे थांबवले, फुजीने २०१३ मध्ये चित्रपटांची फिल्म बंद केली, कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. तेव्हा टंचाई परत आणा असे माझे म्हणणे नाही. टंचाई एक काम फुकटात करून देत होती आणि ते काम आता कुणाचेच उरलेले नाही, एवढेच म्हणणे आहे. उमेश कुलकर्णी यांचा विद्यार्थीदशेतला 'गिरणी' हा लघुपट आठवावा. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा घरघराट त्यातल्या मुलाच्या डोक्यात शिरतो तो केवळ पटकथेत लिहिला होता म्हणून नव्हे. आवाज कुठे वाढवायचा, कुठे तोडायचा याचा विचार त्यामागे दिसतो. असा विचार फिल्मवरही होतो, फोनवरही होतो. फिल्मवर तो टाळणे महाग पडे, फोनवर टाळणे फुकट असते.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत अधिक ऐकू येतो. आम्ही सिनेमा शिकवतो, बटणे शिकवत नाही. सॉफ्टवेअर मुले यूट्यूबवर शिकतात, ते दर दोन वर्षांनी बदलते, त्यावर तासिका कशाला घालवायच्या? वरवर हे शहाणपणाचे वाटते. २०११ च्या जूनमध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स आणले तेव्हा जुने प्रकल्प त्यात उघडेनात, ट्रॅक नाहीसे झाले आणि जगभरचे संकलक हवालदिल झाले. ज्यांनी फक्त कळफलकाचे शॉर्टकट पाठ केले होते त्यांना पुन्हा बालवाडीत बसावे लागले. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपाच्या उलट आहे. ज्यांना टाइमलाइन म्हणजे काय, मूळ फाइल आणि तिचा संदर्भ यांत फरक काय, कोडेक चित्रातले काय फेकून देतो हे कळले होते ते महिन्याभरात प्रीमियरवर किंवा ॲव्हिडवर काम करू लागले. म्हणजे तंत्र शिकवायलाच हवे, फक्त बटणांच्या एक थर खाली जाऊन. तो थर कुणी शिकवत नाही म्हणून मुले यूट्यूबवरून बटणे शिकतात. रंगकामाचेही तसेच. दाविंची ही एकेकाळी मोठ्या लॅबनाच परवडणारी यंत्रणा. ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये ती विकत घेतली आणि २०११ मध्ये तिची फुकट आवृत्ती दिली. त्यानंतरच्या विद्यार्थी-चित्रपटांत निळसर सावल्या आणि नारिंगी चेहऱ्यांची साथच आली. लॉग या फिक्या दिसणाऱ्या पद्धतीत चित्रण का करायचे, उजेडाची कोणती माहिती त्यात टिकते, हे न कळता बाहेरून आणलेला लट, म्हणजे रंगांचा तयार साचा, चढवला की धुळ्यातले अंगण आणि दादरची चाळ एकाच उजेडात न्हाऊ लागतात.

इथे एक वेगळी तक्रार नोंदवून पुढे जातो, कारण ती मराठी विद्यार्थ्यांच्याच वाट्याला आली. संकलनाच्या अनेक सॉफ्टवेअरांत बरीच वर्षे देवनागरी जोडाक्षरे तुटत. 'प्र' फुटे, रफार भलत्या अक्षरावर जाई, वेलांटी एका बाजूला पडे. मग श्रेयनामावली कोरल ड्रॉमध्ये जुन्या फाँटने बनवून चित्र म्हणून चिकटवायची. त्यात एक नाव चुकले की सगळे पान पुन्हा. अनेक लघुपटांवर इंग्रजी शीर्षके दिसतात त्यामागे दर वेळी हौस नसते, कधी निव्वळ थकवा असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: कृत्रिम बंधने घालून काय साधणार? दहाच शॉट घ्या, तिसरा टेक मिळणार नाही, असे सांगणे म्हणजे ज्याच्याकडे विहीर आहे त्याला बादलीने पाणी मोजायला लावणे. पण चित्रपट-शिक्षणातला प्रत्येक सराव मुळात कृत्रिमच असतो. फिल्म इन्स्टिट्यूटमधले कंटिन्युइटीचे किंवा संवादाचे सराव बाहेरच्या जगात कुणी त्या रूपात करत नाही. मनाला एक सवय लागावी म्हणून ते असतात. बंधन कच्च्या फिल्मचेच असावे लागते असेही नाही. २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात पहिला आलेला चिदानंद एस. नाईक यांचा कन्नड लघुपट याच संस्थेच्या दूरचित्रवाणी विभागातल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तयार झाला. १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्यात आलेल्या या विभागाकडे फिल्मवाले बराच काळ धाकट्या भावासारखे पाहत. चित्रीकरणाला मोजके चार दिवस होते आणि तंत्र संपूर्ण डिजिटल. तिथे मर्यादा रिळाची नव्हती, दिवसांची होती, आणि तिने तेच काम केले: ठरवायचे ते आधी ठरवावे लागले. एका यशावरून नियम बांधू नये हे मान्य. पण डिजिटल म्हणजे अपरिहार्यपणे सैल, हा समज मोडायला हे एक उदाहरण पुरते.

निर्णय चित्रीकरणानंतर घेणे हे कमी दर्जाचे आहे असेही मी म्हणत नाही. माहितीपटवाले नेहमीच तसे करत आले. पायल कपाडिया यांच्या २०२१ च्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'मध्ये विद्यार्थी-जीवनातले तुकडे, सापडलेले चित्रण आणि पत्रे एकत्र विणली आहेत. ती रचना संकलनाच्या टेबलावरच जन्मू शकते. अट एवढीच की तिथे तितकाच वेळ, तितकीच चर्चा आणि तितकेच मार्गदर्शन हवे, जितके पूर्वी पटकथेच्या बैठकीत आणि तालमीत असे. आपली वेळापत्रके अजून उलटी आहेत. चित्रीकरणासाठी कॅमेरा, भिंग, दिवे यांची वाटणी बारकाईने होते. संकलन मात्र मुलाने आपल्या लॅपटॉपवर, वसतिगृहावर, सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात उरकायचे असते. साठवणुकीचे तर विचारूच नये. २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातकालीन नायट्रेट फिल्मचा साठा आगीत गेला, त्याची हळहळ आजही व्यक्त होते. विद्यार्थ्यांच्या बिघडलेल्या हार्डडिस्का जातात तेव्हा धूरसुद्धा दिसत नाही. दोन प्रती वेगवेगळ्या माध्यमांवर आणि तिसरी दुसऱ्या ठिकाणी ठेवायची, हा नियम शिकवायला अर्धा तास पुरतो. बहुतेक अभ्यासक्रमांत तो अर्धा तासही नाही.

मूल्यमापन बदलले तर यातले बरेच बदलेल असे मला वाटते. आज विद्यार्थी तयार चित्रपट जमा करतो आणि त्याला गुण मिळतात. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, सगळ्या रशेसची त्याच्या हातची लॉगशीट, टाकून दिलेल्या तीन शॉटांची कारणे आणि पहिला रफ कट मागावा. परीक्षकाने दहा मिनिटे रफ कट पाहावा, दहा मिनिटे अंतिम चित्रपट, आणि मग मधल्या फरकावर प्रश्न विचारावेत: हा क्लोजअप का गेला, इथला पार्श्वध्वनी कुणी ठरवला, हा टेक निवडताना दुसऱ्यात काय खटकले. ज्याने साहित्य पाहिले आहे त्याला उत्तरे येतील. ज्याने पाहिले नाही त्याला ती रशेस उघडून बसावे लागेल, आणि तासभराच्या चित्रणाला पुन्हा तासभर लागेल.