विहिरीवरील पंपाचे दोष व त्यांची क्रमवार तपासणी

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील धानाची शेती पूर्वापार पावसाच्या व तलावाच्या पाण्यावर चालत आलेली आहे. आसोलामेंढा व घोडाझरी यांसारखे मोठे तलाव, गावोगावचे जुने मालगुजारी तलाव आणि शेताच्या माथ्यावरील बोड्या यांचे पाणी उतारानेच बांध्यांत उतरते. त्यास यंत्र लागत नाही. परंतु ज्या बांध्या तलावाच्या ओलिताबाहेर पडतात, अथवा जेथे उन्हाळी धान, मिरची किंवा भाजीपाला घेतला जातो, तेथे विहीर, नाला किंवा वैनगंगेचा काठ आणि त्यावर बसविलेला पंप हाच काय तो आधार होय. धान निसवण्याच्या सुमारास बांधी कोरडी पडली तर लोंब्या पोचट राहतात, आणि मागाहून कितीही पाणी दिले तरी ती हानी भरून निघत नाही. सबब पंप बंद पडणे ही केवळ यंत्राची बाब नसून ती सबंध हंगामाची बाब आहे.

अशा वेळी बहुतेक शेतकरी दोनांपैकी एक गोष्ट करितात. एक तर पान्हा घेऊन पंपच खोलतात, अथवा मोटार गाडीत घालून तालुक्यास नेतात. दोहोंतही दिवस जातात, आणि पुष्कळदा असे आढळते की पंपात दोष नव्हताच. तो तारेत, फुटबॉलात किंवा पाईपाच्या सांध्यात होता. महसुली दप्तरात आमचे आयुष्य गेले. तेथील नियम असा की, कागद पहिल्या पानापासून वाचावा. मधलेच पान उघडून निर्णय देऊ नये. पंपाच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. आधी वीज, मग पाणी, मग सक्शनची बाजू, मग डिलिव्हरीची बाजू, आणि सर्वांच्या शेवटी पंपाचे पोट, हा क्रम सोडू नये, एवढेच आम्हास या लेखात सांगावयाचे आहे.

पंप पाणी कसे ओढतो

क्रम समजण्यास पंपाचे कार्य थोडे समजले पाहिजे. पंपाच्या पोटात इंपेलर नावाचे पात्यांचे चाक असते. ते वेगाने फिरले म्हणजे मधले पाणी कडेस फेकले जाते व मध्यभागी दाब कमी होतो. बाहेरील हवेचा दाब विहिरीतील पाण्यावर असतोच. तो पाण्यास सक्शन पाईपातून वर ढकलतो. म्हणजे खरे पाहता पंप पाणी ओढीत नाही, हवा ते वर लोटते. हवेस वजन आहे व तिचा दाब सुमारे ३४ फूट उंचीच्या पाण्याइतका आहे, हे सतराव्या शतकात इटलीतील टॉरिचेली याने दाखविले. त्याहून अधिक उंचीवर कोणताही पंप पाणी खेचू शकत नाही. व्यवहारात पाईपातील घर्षण व उन्हाळ्यातील पाण्याची उष्णता ध्यानी घेता, पाण्याच्या पातळीपासून पंप २० ते २२ फुटांहून वर असू नये. लोखंडी नांगरापासून आरंभ करून पुढे पंपांकडे वळलेला किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, तथापि हा निसर्गनियम बदललेला नाही.

पहिली पायरी : वीज

मोटार मुळीच हालत नसेल तर प्रथम डीपीवरून वीज येते की नाही, फ्यूज शाबूत आहेत की नाहीत व स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पडला आहे काय, हे पाहावे. मोटार गुणगुणते परंतु फिरत नाही, असे असल्यास तीन फेजांपैकी एक बहुधा गेलेला असतो. अशा मोटारीस पुनःपुन्हा चालू करून पाहणे म्हणजे वायंडिंग जाळण्यास आपणच आमंत्रण देणे होय. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोहोंवर भार पडून ती काही मिनिटांत जळू शकते. दोन फेजांवर कंडेन्सर लावून मोटार चालविण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी दिसते. ती आज पाणी देते व उद्या मोटार नेते.

दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्ट असावयास पाहिजे. तो ३५० च्या खाली असता पंप चालू करू नये. कारण दाब उतरला की तितकेच काम करण्यास मोटार अधिक अँपिअर घेते व तापते. ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे ७ ते ७.५ अँपिअर घेते. स्टार्टरवरील काटा नेहमी याहून पुढे जात असेल तर कारण शोधावे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारा मनुष्य चौकीदारास झोपवून घर राखू पाहतो.

मोटार चालते, आवाज नित्याचा आहे, पण पाणी अगदी थोडे येते, आणि नुकतेच तारेचे वा डीपीचे काम झालेले आहे, असा योग असल्यास मोटार उलटी फिरत आहे काय ते पाहावे. पंपावर दिशेचा बाण असतो. फिरणे उलट आढळल्यास, वीज तोडून जाणत्या मनुष्याकडून कोणत्याही दोन फेजांच्या तारा आपसात बदलून घ्याव्या. हा दोष न कळल्यामुळे पंप खोलला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

दुसरी पायरी : पंप भरणे व फुटबॉल

वीज ठीक, फिरणे ठीक, तरी पाणी नाही, तर पंपात हवा आहे असे समजावे. हवा पाण्याच्या मानाने फार हलकी असल्यामुळे इंपेलर तीस फेकून पुरेसा दाब उत्पन्न करू शकत नाही. पंप व सक्शन पाईप पाण्याने काठोकाठ भरावा, हवा सोडण्याची चकती उघडी ठेवावी, दांडा हाताने दोन-चार वेळ फिरवावा व बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालीत राहावे.

भरलेले पाणी टिकते की नाही, यावरून पुढील निदान होते. पाणी उतरत असेल आणि पाईपाच्या कोणत्याही सांध्यातून बाहेर थेंब दिसत नसेल, तर ते खालून फुटबॉलातून, म्हणजे फूट व्हॉल्व्हमधून, जात आहे. आपल्या जंगलपट्टीत नाल्यात व बोडीत सागाची आणि पळसाची पाने, बांबूचा पाला व काड्या नेहमीच असतात. एखादी काडी व्हॉल्व्हच्या चामड्याखाली अडकली तरी तो मिटत नाही. कधी चामडेच वाळून ताठ झालेले असते. फुटबॉल वर काढून धुवावा, चामडे बदलावे व भोवती जाळीची टोपली बसवावी. फुटबॉल तळापासून निदान एक फूट वर असावा, म्हणजे गाळ येत नाही; आणि पाण्याखाली निदान दोन-तीन फूट असावा, नाहीतर पाण्यास भोवरा पडून त्यातून हवा शिरते.

तिसरी पायरी : सक्शनची बाजू

पंप आरंभी पाणी देतो व थोड्या वेळाने सोडून देतो, हा सक्शनच्या बाजूने हवा शिरण्याचा ठळक दाखला होय. या बाजूचे छिद्र चालत्या पंपात पाणी बाहेर टाकीत नाही, उलट हवा आत घेते. म्हणून ते डोळ्यांस दिसत नाही. पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरावी. धूर जेथे आत ओढला जाईल तेथे दोष आहे. अथवा सांध्यावर साबणाचा दाट फेस लावावा व तो कोठे आत शोषला जातो ते पाहावे. सांध्याचे वायसर, तडा गेलेला पाईप आणि ग्लँड, ही तीन ठिकाणे विशेष संशयास्पद समजावी.

सक्शन पाईप फुटबॉलापासून पंपापर्यंत सतत चढता असावा. मध्ये कोठे उंचवटा राहिला तर तेथे हवा साचते व कितीही भरले तरी पंप पाणी सोडतो.

पंपातून खडी चाळल्यासारखा आवाज येत असेल तर कित्येक जण बेअरिंग गेले असे मानतात. पुष्कळदा तो आवाज पाण्याचाच असतो. पाण्याची पातळी फार खाली गेली किंवा जाळी बुजली म्हणजे इंपेलरपाशी दाब इतका उतरतो की तेथे पाण्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे पुढे फुटताना धातूचे कण उडवितात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा मिटून आवाज मंदावला तर हेच कारण समजावे, आणि जाळी साफ करावी अथवा पंप खाली घ्यावा.

चौथी पायरी : डिलिव्हरी व पंपाचे पोट

पाणी येते पण कमी, अशी तक्रार असल्यास डिलिव्हरी पाईप तपासावा. तितकेच पाणी ४ इंची पाईपाऐवजी ३ इंची पाईपातून नेले तर घर्षणाने होणारी हानी सुमारे चौपट होते. लांबच्या बांधीस पाणी नेणाऱ्याने पाईपात वाचविलेले पैसे विजेच्या बिलात भरावे लागतात.

याच्या उलट एक दोष आहे व तो थोड्यांच्याच ध्यानी येतो. खोल विहिरीसाठी घेतलेला पंप उथळ बोडीवर लावला तर तो नेमल्याहून जास्त पाणी फेकतो व मोटारीवर अधिक भार पडून ती तापते. पाणी भरपूर म्हणून मालक संतुष्ट असतो आणि वायंडिंग आतून भाजत असते. अशा ठिकाणी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह मिटवीत जाऊन अँपिअर नियमात आणावे.

ग्लँडमधून मिनिटास चाळीस-पन्नास थेंब गळणे हा दोष नव्हे. त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. गळती मुळीच नको म्हणून ग्लँड आवळली की दोरी जळते व दांड्यास चर पडतात. येथवर सर्व पाहून झाले आणि दोष सापडला नाही, तरच पंप खोलावा. मग इंपेलरमध्ये अडकलेला कचरा, झिजलेली पाती किंवा खडखडणारे बेअरिंग यांपैकी काही हाती लागेल.

उभ्या पंपाची काळजी

वापराविना उभा राहिलेला पंप गंजून जखडतो. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी गरम पाणी नळांतून फिरविणारा लहान पंप घरोघर असतो. तोही उन्हाळाभर बंद राहिल्यावर पहिल्या थंडीत जखडलेला किंवा हवेने कोंडलेला सापडतो, आणि तेथील लोकही आधी हवा सोडतात, मग दांडा मोकळा करितात. आपला पंप पावसाळ्यात उभा राहतो, एवढाच फरक. पंधरवड्यातून एकदा वीज तोडून दांडा हाताने फिरवावा, म्हणजे ऐन वेळी खोळंबा होत नाही.

जिवाची सावधगिरी

पीक बुडाले तर पुढील वर्षी येते, मनुष्य गेला तर येत नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्या. पंपास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावे. ऑटो स्टार्टर असल्यास हे दुप्पट आवश्यक आहे. कारण वीज येताच पंप आपोआप सुरू होतो, मग आत कोणाची बोटे आहेत हे तो पाहत नाही. अर्थिंगची तार शाबूत ठेवावी व उन्हाळ्यात तिच्या खड्ड्यास पाणी घालावे.

पाणी खोल गेले म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही व वासही नाही. विहिरीत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगी नाही. दिवा तेवत असतानाही हा वायू मनुष्यास मारतो. एक पडला म्हणून दुसरा उतरला तर दोघेही जातात.

रानडुकरांपासून धान राखण्यास पंपाच्या पेटीतून बांधावर जिवंत तार ओढण्याची चाल आपल्या भागात आहे. त्या तारेस वाघ, बिबट व खुद्द शेतकरीही बळी पडलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा वन्यप्राण्याचा मृत्यू हा गंभीर गुन्हा आहे, आणि मनुष्याचा मृत्यू तर कोणत्याही धान्याच्या मोलाने भरून निघणारा नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली व मूल या तालुक्यांत वाघाचा वावर शेतापर्यंत आहे. वीज रात्रीच्या पाळीत येत असल्यास पंप पाहण्यास एकट्याने जाऊ नये. बिघाड असला तरी दुरुस्ती सकाळवर टाकावी.

शेवटी एक सूचना. पंपाच्या पेटीत एक लहान वही ठेवावी. पंप ठीक चालत असता व्होल्ट किती, अँपिअर किती, विहिरीतील पाणी किती फूट खाली आणि एक बांधी किती वेळात भरते, हे महिन्यातून एकदा लिहावे. बिघाडाच्या दिवशी याच चार गोष्टी पुन्हा पाहिल्या म्हणजे काय बदलले ते वहीच सांगेल. मिस्त्री आला तरी त्याच्यापुढे प्रथम ती वही ठेवावी व मगच त्याच्या हाती पान्हा द्यावा.