पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला वाचून समजत नाही.' त्यामागे आईवडिलांची खरी कळकळ असते. मूल मागे पडू नये म्हणून ते क्लास शोधतात, ॲप घेतात, पैसे मोजतात. म्हणूनच या समजुतीची नीट शहानिशा व्हायला हवी.

या वर्गवारीचं सर्वांत प्रसिद्ध रूप न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातल्या नील फ्लेमिंग यांचं. १९९२ मध्ये कॉलिन मिल्स यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी शिकण्याच्या आवडीचे चार प्रकार मांडले: पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाकडे जरा थांबून पाहावं, एवढाच त्यांच्या प्रश्नावलीचा हेतू होता. पुढे तिचा शिक्का झाला. अशा मांडण्याही वाढत गेल्या. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये त्यांचा आढावा घेतला, तेव्हा ७१ निघाल्या.

मुलाला एखादी पद्धत आवडते, यात शंका नाही. पण त्या पद्धतीने शिकवलं तर ते जास्त शिकतं का? हे तपासायचं तर 'पाहून शिकणारे' आणि 'ऐकून शिकणारे' असे दोन गट करावे लागतात. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांतून शिकवायचं, निम्म्यांना बोलून, आणि परीक्षा मात्र सगळ्यांची एकच घ्यायची. पहिल्या गटाला चित्रांचा आणि दुसऱ्याला बोलण्याचा जास्त फायदा झाला, तरच दावा खरा. हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचं संशोधन या कसोटीवर घासून पाहिलं. कसोटीला उतरतील असे प्रयोगच मोजके निघाले, आणि त्यांतल्या अनेकांनी दाव्याला थेट छेद दिला होता. २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी आपल्या 'शैली'प्रमाणे अभ्यास केलाच नव्हता, आणि ज्यांनी केला त्यांना गुण काही जास्त मिळाले नव्हते.

मला वाटतं, मार्ग ठरवतो तो विषय. नकाशा डोळ्यांनीच शिकावा लागतो, यमन कानांनी आणि भाकरी थापणं हातांनी, मग मूल कुठल्याही प्रकारात मोडो. 'याला वाचून समजत नाही' हे दहाव्या वर्षीच ठरून गेलं, की ते मूल वाचनापासून लांब राहतं आणि सरावाअभावी वाचन खरंच अवघड होऊन बसतं. या शिक्क्याची मला भीती वाटते ती यासाठी.

मग शिकणं टिकतं कशाने? २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला. इतरांनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के भाग आठवला, दुसऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के, न बघता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतो अशी खात्री पटते. आठवून लिहिताना अडखळायला होतं, पण तेच टिकतं.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, घरच्यांची बचत मागे लावून. पानंच्या पानं हायलायटरने रंगलेली दिसतात. जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती ताडून पाहिल्या. मजकूर रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या पायरीवर आलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणं, ही दोनच वर राहिली. हे या मुलांना पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

आपल्याकडे संध्याकाळच्या परवच्यात पाढे, पावकी, निमकी म्हणून घेत. त्याला आपण सरसकट घोकंपट्टी म्हणतो. पण आजोबा मध्येच थांबवून 'बारा साते किती?' विचारत, ती चाचणीच होती.

तंत्रज्ञानाकडेही मी याच नजरेने पाहते. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी कार्डांची पेटी सुचवली: उत्तर चुकलं तर कार्ड लवकर परत येतं, बरोबर आलं तर उशिरा. अँकीसारखी ॲप तेच काम फोनवर करतात. उलट सुंदर ॲनिमेशनचा व्हिडिओ पाहून 'समजलं' असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर हात थांबतो.

तंत्रज्ञानाचा याहून मोठा उपयोग आहे तो मूल नेमकं कुठे अडलंय हे शोधण्याचा. 'प्रथम' या संस्थेच्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वेगळं घेऊन, त्यांना येत होतं तिथून शिकवत. त्याने गुण वाढल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. हेच तत्त्व दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरने वापरलं. ते मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याला काय येतं हे आधी तपासतं आणि धडा तिथून सुरू करतं. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी सरकारी शाळांतल्या मुलांमधून लॉटरीने काहींना त्याच्या केंद्रात प्रवेश दिला. साडेचार महिन्यांत ती मुलं गणित आणि हिंदी दोन्हींत इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. लॉटरीत नंबर न लागलेल्यांपैकी सर्वांत कच्च्या एक तृतीयांश मुलांची त्याच काळात, रोजच्या शाळेत, मोजता येईल अशी प्रगती झाली नव्हती.